हेल्मेट नव्हतं म्हणून भरपाई नाही? साइटवर वरून वस्तू पडून झालेल्या दुखापतीबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांचा धाकटा भाऊ पंचवीस वर्षांचा, पुण्याजवळच्या एका साइटवर बिगारी, हजेरी ६५० रुपये. चार दिवसांपूर्वी सहाव्या मजल्यावर स्लॅबचं शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा तात्पुरता साचा, खोलत असताना लोखंडी प्लेट निसटली, परांचीच्या पाइपवर आपटली आणि तिथून खाली असलेल्या याच्या डोक्याला घासून खांद्यावर आली. टाके पडले, खांद्याचं हाड मोडलं, तो अजून दवाखान्यात आहे. ठेकेदार म्हणतो, हेल्मेट घातलं नव्हतं, त्यामुळे आम्ही काही देणं लागत नाही. हेल्मेट असतं तर तो वाचला असता का, आता काय करायचं, आणि चुलतभाऊ त्याच साइटवर अजून कामाला आहे, त्याने काय बघावं, असे तीन प्रश्न आहेत.

माझं आयुष्य बांधकामाच्या साइटवर सेफ्टी बघण्यात गेलं. उत्तर मी कागदापासून सुरू करतो, कारण तिथे उशीर झालेला आहे.

आज दवाखान्यात गेलात की केसपेपर मागून घ्या आणि इजा कशी झाली या रकान्यात काय लिहिलंय ते शब्दशः वाचा. जखमी माणसाला साइटवरून दवाखान्यात नेतो तो बहुतेक वेळा मुकादम किंवा ठेकेदाराचा माणूस, आणि डॉक्टरांना कहाणी तोच सांगतो. ‘जिन्यावरून घसरला’, ‘खोलीत पडला’, ‘गाडीवरून पडला’ असं लिहून आलेलं मी पुष्कळदा पाहिलंय. तुमच्या कागदावरही तसं असेल, तर भाऊ शुद्धीवर आहे तोवर त्याच्या सहीचा अर्ज देऊन दुरुस्ती मागा: अमुक तारखेला, अमुक वाजता, कामावर असताना वरून शटरिंगची प्लेट पडून इजा झाली. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्या. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद, झाली आहे का ते विचारा आणि तिचा नंबर लिहून ठेवा. झाली नसेल तर त्या हद्दीच्या पोलिस ठाण्यात भावाचा जबाब नोंदवायला सांगा. दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणारा निष्काळजीपणा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ मध्ये येतो, आणि बांधकाम करताना किंवा पाडताना दाखवलेल्या निष्काळजीपणासाठी कलम २९० वेगळं आहे. कोणतं लावायचं ते पोलिस ठरवतील. आपल्याला हवा आहे तो तारीख-वेळ असलेला जबाब.

डोक्याला मार आहे म्हणून एक वैद्यकीय गोष्ट. पहिला सीटी स्कॅन चांगला आला तरी वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, गुंगी, एका बाजूच्या हातापायातली ताकद कमी होणं, नाका-कानातून पाण्यासारखं काही येणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच डॉक्टरांना सांगा. रक्तस्राव हळूहळू साठतो. घरी सोडल्यानंतरचे काही आठवडेही ही नजर ठेवावी लागते.

आता साइटवरचे पुरावे. तुमचा भाऊ बिल्डरच्या हजेरीपटावर नसेलच, तो पेटी ठेकेदाराच्या, म्हणजे खालच्या उपठेकेदाराच्या, वहीत असेल, आणि ती वही अपघातानंतर सापडत नाही. म्हणून गेटवरची बायोमेट्रिक नोंद, साइटचं ओळखपत्र, मजुरी मोबाइलवर जमा झाल्याचे मेसेज, ग्रुपवर टाकलेले कामाचे फोटो, बरोबरच्या दोघांची नावं आणि फोन नंबर, हे सगळं आजच गोळा करा. चुलतभावाला सांगा, ती प्लेट आणि ती जागा यांचे फोटो काढून ठेव. जागा एका दिवसात साफ होते.

आता हेल्मेट. पडणाऱ्या वस्तूचं गणित शाळेतलंच आहे. सहावा मजला म्हणजे साधारण १८ मीटर. तिथून सुटलेली वस्तू जमिनीवर यायला दोन सेकंदांहून थोडा कमी वेळ लागतो आणि पोचताना तिचा वेग ताशी ६५ ते ७० किलोमीटर असतो. तीन बाय दोन फुटांची लोखंडी प्लेट पंधरा-अठरा किलोची. सोळा धरली तर आघाताची ऊर्जा २,८०० ज्यूलच्या आसपास जाते. बांधकामाच्या हेल्मेटची युरोपीय मानकातली चाचणी अशी असते की पाच किलोचं वजन एक मीटरवरून टोपीवर सोडायचं. ते होतं ४९ ज्यूल. म्हणजे टोपीची परीक्षा ज्या माराची घेतली जाते, त्याच्या पन्नास पटींहून मोठा मार. तुमचा भाऊ वाचला तो प्लेट आधी पाइपवर आपटून तिचा वेग तुटला म्हणून आणि ती सरळ डोक्यावर न येता घासून गेली म्हणून. हेल्मेट असतं तर टाके बहुधा वाचले असते. खांदा वाचला नसता.

हेल्मेट निरुपयोगी आहे असा याचा अर्थ कुणी काढू नये. खडी, प्लास्टरचा गोळा, खिळा, लाकडाची चिप, खालच्या मजल्यावरून सुटलेला पाना, अशा गोष्टींसाठीच ते आहे आणि तिथे ते रोज डोकी वाचवतं. दीडशे ग्रॅमचा लोखंडी तुकडा दहाव्या मजल्यावरून आला तर त्याची ऊर्जा बरोबर त्या चाचणीच्या आकड्याजवळ जाते. त्याच्या पुढचं काम हेल्मेटचं नाही.

शिवाय साइटवर डोक्यावर असतं ते हेल्मेट बऱ्याचदा नावालाच. कवटी आणि टोपी यांच्यात पट्ट्यांची जाळी असते, तिच्यामुळे मधे दोन बोटं मोकळी जागा राहते आणि मार त्या जागेत जिरतो. आपली मंडळी त्याच जागेत तंबाखूची पुडी, विडीचं बंडल, आता मोबाइलसुद्धा ठेवतात. हनुवटीची पट्टी लावत नाहीत, मग वाकलं की टोपी आधीच खाली. उन्हात वर्षानुवर्षं तापून प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं. एकदा जोराचा मार बसलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी मोडीत काढायचं असतं, पण स्टोअरकीपर ते पुसून पुढच्या माणसाला देतो. चुलतभावाला सांगा, हेल्मेटवर आयएसआयचा शिक्का आणि आयएस २९२५ हा क्रमांक आहे का बघ, आणि आतली जाळी तुटली असेल तर भांडून बदलून घे.

ठेकेदाराचा मुद्दा कायद्यात कुठे बसतो ते आता सांगतो. कामावर झालेल्या इजेच्या भरपाईचा कायदा १९२३ चा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि हा विषय सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गेला. गाभा तोच राहिला. मालकाची सुटका होते ती तीन बाबतींत: कामगार दारू किंवा नशेत होता, त्याने सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम मुद्दाम मोडला, किंवा दिलेलं सुरक्षा साधन मुद्दाम काढून टाकलं वा वापरलं नाही. इथे ‘मुद्दाम’ हे सिद्ध करावं लागतं, आणि ते मालकाने. हेल्मेट दिल्याची सही कुठे आहे, समजेल अशा भाषेत सूचना दिली होती का, हेल्मेट न घालणाऱ्यांना त्या दिवशी गेटवर अडवलं का, आणि ही इजा थेट हेल्मेट नसल्यामुळेच झाली का? खांद्याचं हाड हेल्मेटने कसं वाचलं असतं, एवढा एकच प्रश्न ठेकेदाराला विचारून बघा. मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर या तिन्ही सबबी चालतच नाहीत.

‘तो माझा माणूस नाही, पेटीवाल्याचा आहे’ हे बिल्डरचं नेहमीचं वाक्य. भरपाईसाठी मुख्य मालकही जबाबदार धरला जातो. त्याने आधी द्यावी आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. दावा दोघांवर लावा.

किती मिळेल? काम बंद आहे तोपर्यंत दर पंधरवड्याला महिन्याच्या मजुरीच्या २५ टक्के, म्हणजे महिन्याला निम्मी मजुरी. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर मजुरीच्या ६० टक्क्यांना वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं. पंचविसाव्या वर्षासाठी तो आकडा २१६.९१ आहे. जुन्या कायद्याखाली २०२० पासून हिशोबासाठी मजुरी जास्तीत जास्त १५,००० धरत. ती धरली तर ९,००० गुणिले २१६.९१, म्हणजे १९,५२,१९० रुपये. अपंगत्व अंशतः असेल तर कमाईची क्षमता जितकी टक्के घटली तितका हिस्सा. ३० टक्के घटली असं ठरलं तर सुमारे ५ लाख ८५ हजार.

ही टक्केवारी कशी ठरते तिथे लोक फसतात. दाखल्यावर शरीराचं अपंगत्व १५ टक्के लिहून येतं आणि तेवढ्यावर तडजोड होते. पण मोजायची असते कमाईची घट. खांद्याच्या वर हात जात नसेल तर कारकुनाचं फार बिघडत नाही, घमेलं उचलणाऱ्या बिगाऱ्याचं काम मात्र संपतं. प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये हेच धरलं. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर गेला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचं अपंगत्व पूर्ण मानलं गेलं. डॉक्टरांकडून दाखला घेताना भाऊ नेमकं कोणतं काम करतो, किती वजन उचलतो, हे त्यात लिहून घ्या. ही हाडं जुळायला वेळ लागतो, तेव्हा घाईने आत्ताच दाखला घेऊ नका.

दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे, पण अपघाताची लेखी नोटीस मालकाला ताबडतोब द्या. दावा पुण्यातच लावायला हवा असं नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही लावता येतो. गावी परत जाणाऱ्या कुटुंबांना हे कुणी सांगत नाही. भावाचं ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विम्याचं, कार्ड असेल तर मार्ग बदलतो: पैसे महामंडळ देतं, तात्पुरत्या अपंगत्वात मजुरीच्या ९० टक्क्यांपर्यंत, आणि मग मालकावर हा वेगळा दावा लावता येत नाही. इमारत बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी, म्हणजे ते ९० दिवस काम केल्याच्या दाखल्यावर मिळणारं कार्ड, असेल तर तिथला अर्जही करा. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जात असतील तर तो पंतप्रधान सुरक्षा विमा आहे. तो फक्त मृत्यू आणि ठरावीक मोठ्या अपंगत्वासाठी आहे, तुमच्या भावाला बहुधा लागू होणार नाही.

ठेकेदार दवाखान्यात येऊन वीस-तीस हजार रोख ठेवेल आणि ‘सगळं मिटलं’ अशा कागदावर सही मागेल. पैसे उपचारासाठी घ्या, पावती पाहिजे असेल तर ‘उपचाराच्या खर्चापोटी’ एवढंच लिहून द्या. कायद्याने मिळणारा हक्क सोडून देणारा करार तसाही टिकत नाही, पण तो रद्द ठरवून घेण्यात वर्षं जातात. कोऱ्या कागदावर सही नाही, अंगठा तर नाहीच.

आता तिसरा प्रश्न. मला सर्वांत जास्त बोलायचंय ते यावर.

रस्त्यावरच्या माणसाला लागलं की बातमी होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये वरळीत एका टॉवरच्या बेचाळिसाव्या मजल्याच्या उंचीवरून दगड पडून खाली उभे असलेले दोघे गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये भिवंडीत मेट्रोच्या कामावरून सळई पडून रिक्षातल्या प्रवाशाच्या डोक्यात घुसली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जोगेश्वरी पूर्वेला बांधकाम चालू असलेल्या इमारतीवरून पडलेल्या ब्लॉकने कामाला निघालेली बावीस वर्षांची मुलगी गेली. या तिन्ही घटनांत कुणी हेल्मेट का नव्हतं असं विचारलं नाही. विचारलं ते वस्तू सुटलीच कशी. पत्र्याच्या कुंपणाच्या आत तीच वस्तू बिगाऱ्याला लागली की पहिला प्रश्न हेल्मेटचा येतो.

वस्तू सुटते कशी, याचं उत्तर बहुतेक वेळा कामाच्या दरात असतं. शटरिंग खोलायचे पैसे चौरस फुटावर मिळतात. प्लेट सुटी करून हातोहात खालच्या माणसाकडे द्यायची तर दोन माणसं जास्त लागतात. प्रॉप, म्हणजे खालचा टेकू, ढिला करून प्लेट आपोआप खाली पडू दिली, किंवा कडेला रचून एकदम ढकलली, तर दुपारपर्यंत खोली मोकळी. त्या टोळीला तुम्ही कितीही सेफ्टीचे फलक दाखवा, ती प्लेट टाकणारच, कारण खाली उतरवण्याचे पैसे तिच्या दरात नाहीतच. जिथे माझं ऐकून घेतलं गेलं तिथे मी एकच बदल करून घ्यायचो: कामाच्या ऑर्डरमध्ये ‘खोलून, खाली उतरवून, रचून ठेवणे’ असा एक दर. सेफ्टीचं लेक्चर देऊन जे होत नव्हतं ते बिलाच्या एका ओळीने झालेलं पाहिलंय.

दुसरी गोष्ट एका उभ्या रेषेत दोन कामं. वर बाहेरचं प्लास्टर, मधे डक्टमध्ये (पाइपांसाठीच्या उभ्या पोकळीत) प्लंबर, खाली वाळू चाळणारी बाई. प्रत्येकाचा ठेकेदार वेगळा, म्हणून प्रत्येकाला आपलंच काम दिसतं. हे बघणं साइट इंजिनिअरचं काम आहे आणि रोज सकाळी दहा मिनिटांत होतं: आज कुठल्या बाजूला वर काय चाललंय, आणि त्याच्या खाली कोण आहे. खाली कुणी असेल तर दोनपैकी एक काम दुसऱ्या बाजूला हलवायचं. यात पैसे लागत नाहीत, तरी सर्वांत कमी ठिकाणी होतं ते हेच.

सगळ्यांत वाईट वेळ जेवणाच्या सुट्टीची. उन्हाळ्यात सावली असते ती इमारतीच्या पायाशी. डबा तिथेच उघडला जातो, पोरं तिथेच झोपतात, लघवीलाही तिथेच आडोशाला जातात. वरचं काम मात्र कधी कधी चालूच असतं, विशेषतः संध्याकाळी स्लॅब भरायचा असेल तर. जेवायला इमारतीपासून लांब एक पत्र्याची शेड ठोकून दिली तर निम्मा धोका तिथेच संपतो असं माझं मत आहे.

कडा बघायला सांगा. स्लॅबच्या कडेपासून एक मीटरच्या पट्ट्यात काहीही रचलेलं नको: ब्लॉक नको, प्रॉप नको, प्लायचे तुकडे नकोत. परांचीच्या फळीला बाहेरच्या बाजूने सहा इंचांची उभी पट्टी हवी, नाहीतर पायाने लागलेला पाना सरळ खाली जातो. उंचीवर हातोडी-पाना मनगटाला किंवा पट्ट्याला दोरीने बांधलेला हवा. मे महिन्यात वळीव येतो तेव्हा न बांधलेला प्लाय आणि पत्रा पतंगासारखा उडतो आणि इमारतीपासून कितीही लांब जाऊन पडतो, म्हणून दुपारनंतर ढग दाटले की आधी वरचं सुटं सामान बांधायचं.

जाळ्यांबद्दल. १९९८ च्या केंद्रीय नियमांत १५ मीटर किंवा त्याहून उंच होणाऱ्या इमारतीभोवती संरक्षक छत सांगितलंय: किमान दोन मीटर रुंद, जमिनीपासून पाच मीटरच्या आत, बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा १५० मिलिमीटर उंच, म्हणजे पडलेली वस्तू इमारतीकडे घरंगळावी. माप चांगलं आहे, पण काम विसाव्या मजल्यावर गेलं की पहिल्या मजल्यावरच्या छतावर ब्लॉक येईपर्यंत तो ते फोडून जाण्याइतका वेग घेतो. म्हणून कामाच्या खाली तीन-चार मजल्यांवर दुसरी जाळी हवी आणि कामाबरोबर ती वर सरकायला हवी. जाळीत साठलेला राडारोडा रोज उपसायचा. भरलेली जाळी तुटली की आठवड्याचा माल एकदम खाली येतो. राडारोडा डक्टमधून टाकत असतील तर तळमजल्यावर डक्टचं दार बंद आहे का, बघा. खालून डोकावणारा माणूस हा साइटवरचा जुनाच बळी आहे.

क्रेनचा माल डोक्यावरून जात असेल तर बाजूला व्हायचं, सिग्नलमनने शिट्टी मारली नाही तरी. सळयांचा भारा एकाच ठिकाणी बांधलेला असेल तर मधल्या आखूड सळया निसटतात. दोन ठिकाणी, गुंडाळून बांधलेला हवा. ब्लॉक पॅलेटवर उघडे उचलत असतील, भोवती जाळी नसेल, तर त्या क्रेनच्या घेऱ्यात थांबायचंच नाही.

चुलतभावाला एक सवय मात्र आत्तापासून मोडायला सांगा. वरून कुणी ओरडलं की आपण सगळे मान वर करून बघतो. तेवढ्यात ती वस्तू येते आणि चेहऱ्यावर लागते. हेल्मेट तेव्हा मागे घसरलेलं असतं. ओरडा ऐकला की वर बघायचं नाही, मान खाली घालून खांदे आखडायचे आणि सर्वांत जवळच्या स्लॅबखाली शिरायचं. मोकळ्या बाजूला धावू नये. वस्तू एखाद्या कडेवर आपटून नेमकी बाहेरच उडते, तुमच्या भावाच्या बाबतीत पाइपवर आपटून उडाली तशी. बंद ठेवायचा पट्टा किती रुंद हवा असं कुणी विचारलं तर माझा ठोकताळा उंचीच्या चौथ्या भागाचा आहे. सहाव्या मजल्याला साडेचार मीटर.

शटरिंग खोलायचं काम पुढे सातव्या-आठव्या मजल्यावर जाईल आणि टोळी तीच असेल. प्लेटा हातोहात उतरवायला माणसं वाढवली का, हे चुलतभावाने चार मजुरांना बरोबर घेऊन सकाळच्या हजेरीलाच साइट इंजिनिअरला विचारावं, एकट्याने मुकादमाला नाही. साइटवर अडीचशे किंवा जास्त कामगार असतील तर नव्या संहितेप्रमाणे तिथे सेफ्टी ऑफिसर नेमलेला असायला हवा. त्याचं नाव आणि फोन नंबर गेटच्या फलकावर आहे का ते बघा, आणि तुमच्या नोटिशीची एक प्रत त्यालाही पाठवा.